आधी चिंधी, मग तेल

तेल न मिळाल्यामुळे घासून गेलेला प्रेस ओळखायला सोपा असतो. तो किंचाळतो, अडखळतो, बंद पडतो. जादा तेल प्यायलेला प्रेस मात्र गुळगुळीत चालत राहतो, आणि त्याने केलेलं नुकसान दुसरीकडेच, फार उशिरा उघडं पडतं. काडतुसं भरणाऱ्या प्रेसवर फिटर म्हणून मी आयुष्य काढलं. आता पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला, आपल्या गावी आहे. इथली पोरं भंडाऱ्याच्या पितळकामात, राइस मिलमध्ये यंत्रांवर काम करतात. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

आमच्या जिल्ह्याला दारूगोळ्याच्या कामाची जोखीम नव्याने सांगावी लागत नाही. २४ जानेवारी २०२५ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या स्फोटात आठ कामगार गेले. ती निर्माणी स्फोटकांची. बंदुकीची काडतुसं आपल्या राज्यात वरणगावला आणि १८६९पासूनच्या खडकीच्या कारखान्यात होतात. परदेशात नेमबाज एकदा उडवलेल्या पितळी केस घरच्या हातप्रेसवर पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा घरी कोणी या वाटेला जाऊ नये. पण हातप्रेस असो की कारखान्यातला, त्याची निगा एकाच रीतीने राखावी लागते.

एकदा चाचणीला गेलेल्या काडतुसांतली काही उडालीच नाहीत. काडतुसाच्या बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या कॅपवर बंदुकीच्या पिनची खूण नीट उमटलेली, पण आवाज नाही. असं झालं की बंदूक लगेच उघडायची नसते. कॅप कधी कधी उशिरा पेटते, म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. ती काडतुसं नंतर उघडली, तेव्हा कॅपच्या खोबणीत जेमतेम दिसेल एवढी तेलकट चमक होती. शोध घेत घेत आम्ही प्रेसपर्यंत आलो. रात्रपाळीत कोणीतरी रॅमवर ऑइल कॅन मनसोक्त दाबला होता. रॅम वरखाली होताना तेल त्याच्या माथ्यावर चढलं, तिथून कॅप बसवणाऱ्या पंचावर गेलं आणि कॅपच्या कडेने आत झिरपलं. कॅपमधला मसाला तेलाने मरतो. सगळा लॉट बाजूला काढावा लागला. ती काडतुसं तशीच पुढे गेली असती, तर ज्याच्या हातात पडली असती त्याचा जीव तेवढ्या चमकेवर टांगलेला असता. हे मी आजही विसरू शकत नाही.

म्हणून प्रेस साफ करायला घेताना दारू आणि कॅप आधी त्या खोलीतून बाहेर न्याव्यात. टेबलाच्या कोपऱ्यात सरकवून भागत नाही. मग रॅम पूर्ण खाली घेऊन त्याचा वरचा भाग पाहा. पितळाचा चुरा, कॅपची काजळी आणि जुनं तेल मिळून तिथे काळा लगदा बसलेला असतो. चिंधीतून चोळला तरी त्याची कचकच बोटाला कळते. हा लगदा रॅमला पॉलिश पेपरसारखा खातो, आणि त्याच्यावर नवं तेल घातलं की खाण्याचा वेग वाढतो. कॉटन वेस्टचे धागे सांध्यात अडकतात. धुतलेल्या जुन्या धोतराचं फडकं उत्तम. घट्ट बसलेली घाण फडक्याला थोडं रॉकेल लावून काढावी आणि प्रेस पूर्ण सुकू द्यावा.

हवेच्या नळीने मात्र फुंकू नये. बहुतेक कॅपच्या मसाल्यात शिसं असतं, ते उडून सरळ छातीत जातं. आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो. काम करता करता तंबाखूचा खर्रा घोटायचा नाही, तोंडात टाकायचा नाही. काजळीच्या हाताने घोटलेल्या खर्र्यातून शिसं रोज थोडं थोडं पोटात जातं. आधी साबणाने हात धुवा. खर्रा सोडलात तर फारच चांगलं.

तेल एक थेंब, तेही स्वच्छ रॅमवर. फडक्याने पसरवून पुन्हा पुसायचं, बोट फिरवलं तर पुसटसा ठसा दिसावा इतकंच राहू द्यायचं. प्रेसच्या सांध्यांतल्या पिनांना ग्रीस द्यायचं ते जुनं काळं बाहेर पडून नवं दिसू लागेपर्यंत, आणि बाहेर आलेलं लगेच टिपायचं. केसला आकार देणाऱ्या डायच्या आत वंगण साचलं तर केसच्या खांद्यावर खळगा पडतो. पावसाळ्यात गंजाच्या भीतीने रात्री तेलाचा हात जरा सढळ असला तर चालेल, पण सकाळी ते पुसल्याशिवाय पहिला दांडा ओढायचा नाही.

मध्यंतरी पॉवर प्रेसवर लागलेला गावातला एक पोरगा म्हणाला, “काकाजी, मशीन कोरडी ठेवली तं घासन ना?”

“कोरडी नाही बाबू, पुसलेली ठेव,” मी म्हटलं.

त्याला आणखी एक बजावलं. मेन स्विच बंद केला तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्यावर आणि रॅमखाली ठोकळा लावल्यावरच हात आत घालायचा.

तेलपाणी झाल्यावर ठोकळा काढून प्रेस रिकामाच, हाताने सावकाश काही वेळा वरखाली करावा. दाबाने जे तेल बाहेर येईल ते पुन्हा टिपावं. त्यानंतर निघालेले पहिले काही नग वेगळे ठेवून त्यांची बुडं उजेडात धरून तपासावीत. एकावरही चमक दिसली, तर काम थांबवून पुन्हा फडकं हातात घ्यावं.