हॉटेलचे बिल वाचावे कसे?



आमच्या येवल्याच्या पैठणीला रेशीम लागते ते बंगळूरहून येते, जर सुरतेहून येते आणि तयार साडी मुंबई, पुणे, नाशिककडे जाते. म्हणजे या धंद्यातल्या माणसाला गावाबाहेर जेवणे आलेच. पूर्वी मनमाडला गाडी पकडताना घरचा डबा सोबत असे. आता माल दाखवायला गेलो की दलालाला किंवा गिऱ्हाइकाला घेऊन हॉटेलात बसावे लागते आणि बिल बहुधा आपल्याकडेच येते.

कपड्याच्या बिलातला मीटर न् मीटर आम्ही दोनदा तपासतो. हॉटेलचे बिल मात्र बडीशेपेच्या बशीत आले की खालचा आकडा पाहून नोटा ठेवतो आणि उठतो. पाहुण्यांसमोर बिल वाचणे कमीपणाचे वाटते. या संकोचावर काही हॉटेलवाल्यांची वरकमाई चालते. म्हणून आजचा धडा बिलाचा.

जुन्या काळी ही अडचण नव्हती. मुंबईत मूळजी जेठा मार्केटचे काम आटोपून माणूस भेंडीबाजारात जेवायला जाई. तिथले नूर मोहंमदी हॉटेल १९२३ पासूनचे आहे. इराण्याच्या किंवा उडुप्याच्या हॉटेलात पोऱ्या टेबलावरूनच गल्ल्याकडे ओरडून आकडा सांगे. फळ्यावर लिहिलेला भाव तोच द्यायचा पैसा, असा तो सरळ हिशेब होता. आता कार्डावरचा भाव आणि द्यावा लागणारा पैसा यांत अंतर पडते. हे अंतर कशाने पडते ते एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट : बिलाचा माथा. बिलाच्या वरच्या भागात दोन नंबर शोधावेत. एक जीएसटीचा. तो १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, कर्नाटकाचे २९. दुसरा नंबर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा, १४ आकड्यांचा. हा बिलावर छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. जेवणाने त्रास झाला, तर तक्रार करताना हाच नंबर उपयोगी पडतो. बिलावर जीएसटी लावला आहे पण जीएसटीचा नंबर कुठेच नाही, असे दिसले तर तो कर सरकारात जाणार नाही असे समजून विचारणा करावी.

दुसरी गोष्ट : कराचा दर. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. सुरुवातीला साध्या हॉटेलात १२ टक्के आणि वातानुकूलित हॉटेलात १८ टक्के होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोन्हींकडे ५ टक्के झाला. बिलावर तो अडीच टक्के केंद्राचा व अडीच टक्के राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. यंत्राने गार केलेल्या खोलीत बसलो म्हणून कर जास्त, ही समजूत आता जुनी झाली. १८ टक्के लागतो तो मुख्यतः मोठ्या निवासी हॉटेलांतील उपाहारगृहांत, जिथे खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर असते.

तिसरी गोष्ट : कर घेण्याचा हक्क. हा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्या हॉटेलवाल्याला कंपोझिशन योजना घेता येते. त्यात तो उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतो. गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेण्याचा त्याला अधिकार नाही. आपण कंपोझिशन करदाता आहोत व कर वसूल करण्यास पात्र नाही, अशी ओळ त्याने बिलाच्या वर छापायची असते आणि तशी पाटी दुकानातही लावायची असते. लक्षात घ्या, अशा हॉटेलवाल्याकडेही जीएसटीचा नंबर असतोच. म्हणून नंबर दिसला म्हणजे कर घेण्याचा हक्क आला, असे नाही. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की करदाता नियमित आहे की कंपोझिशनचा, हे मोबाईलवरच दिसते.

चौथी गोष्ट : सर्व्हिस चार्ज. हा कर नव्हे. सरकारचा यात एक पैसा नसतो, ही हॉटेलमालकाने लावलेली रक्कम असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी नियमावली काढली. तिच्यानुसार सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाने घेता येत नाही, आणि बिलात मिळवून त्या एकूण रकमेवर जीएसटीही लावता येत नाही. तो देणे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून नियमावली कायम ठेवली. संघटनांनी त्यावर अपील केले.

आकड्यात पाहू. समजा चार जणांचे जेवण १,००० रुपयांचे झाले. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे १०० रुपये. मग १,१०० वर ५ टक्के जीएसटी म्हणजे ५५ रुपये. एकूण १,१५५. सर्व्हिस चार्ज काढायला लावला तर १,००० वर ५० रुपये कर, एकूण १,०५०. फरक १०५ रुपयांचा. महिन्यात असे चार वेळा झाले, तर ४२० रुपये केवळ न वाचल्यामुळे गेले. मागावर दिवसभर पाय हलवणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

कोणी म्हणेल, वेटर गरीब असतो, त्याच्या पोटावर पाय का द्यावा? बरोबर आहे. पण बिलात लावलेला पैसा आधी गल्ल्यात जातो. तिथून वेटरच्या हातात किती पडतो, ते मालकच जाणे. त्याला खुशीने द्यायचे असेल तर बिल चुकते केल्यावर त्याच्या हातात द्यावे.

पाचवी गोष्ट : पाण्याची बाटली. बाटलीवर छापील किंमत आहे, मग जास्त का घेतली, म्हणून पुष्कळ लोक हॉटेलात भांडतात. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात म्हटले आहे की, हॉटेलात बसून बाटली घेणे ही निव्वळ वस्तूची विक्री नाही. तिच्यात सेवाही आहे, त्यामुळे छापील किमतीचा कायदा तिथे तसाच लागू होत नाही. तेव्हा भांडण्यापेक्षा बसताच साधे पाणी मागावे, हे सोपे.

सहावी गोष्ट : आपली वही. साडीवरही ५ टक्के जीएसटी आणि जेवणावरही ५ टक्के. दोन्ही सारखे दिसले तरी वहीत सारखे नाहीत. विकण्यासाठी साडी खरेदी केली तर त्यावर भरलेल्या कराची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळते. जेवणावर भरलेल्या कराची वजावट कायद्याने मिळत नाही. धंद्याच्या कामासाठी केलेले जेवण खर्चात धरता येते, पण त्याला बिल हवे. बिलाच्या पाठीमागे तारीख, कोणासोबत व कोणत्या कामासाठी, एवढे लिहून ठेवावे. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा.

विचारणा कशी करावी, हेही शिकले पाहिजे. आवाज चढवू नये. पाहुण्यांना टेबलावर बसू द्यावे, आपण गल्ल्यावर जावे आणि म्हणावे, “भाई, हा सर्व्हिस चार्ज काढून बिल पुन्हा द्या.” बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर काम होते. नकार दिलाच तर पैसे भरून बिल जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवावी. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रारही करता येते. मुंबईच्या हॉटेलची तक्रार येवल्यात बसून फोनवर करता येते, त्यासाठी परत जावे लागत नाही.

आमच्या वाचकांत खानावळ, बिर्याणी सेंटर, चहाचे हॉटेल चालवणारे बंधूही आहेत. त्यांनी हाच धडा उलट बाजूने वाचावा. सेवा धंद्यात २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणी नसताना, किंवा कंपोझिशनमध्ये असताना, गिऱ्हाइकाकडून कर घेणे हा गुन्हा आहे. बिलाचे पुस्तक छापताना छापखानेवाला जुना नमुना पुढे करतो आणि त्यावर कराच्या दोन ओळी आधीच असतात. त्या तशाच राहू देऊ नयेत. खर्च वाढला असेल तर कार्डावरचा भाव वाढवावा. भाव पाहून गिऱ्हाईक बसायचे की नाही ते ठरवते. जेवण झाल्यावर रक्कम वाढलेली दिसली तर पैसे देईल, पण पुन्हा येणार नाही.

पुढच्या फेरीला निघताना एवढे करा. हॉटेलात बसल्याबरोबर कार्डाच्या खालची बारीक अक्षरे वाचा. सर्व्हिस चार्जचा उल्लेख बहुधा तिथेच असतो, आणि तो जेवण मागवण्याआधी बोलून घेणे दोन्ही बाजूंना सोयीचे जाते.