यात ‘इंडियन’ काय?

प्रश्न : सांगलीतल्या एका स्पर्धेत माझ्या मुलीने पांढऱ्याकडून डी-४, सी-४, घोडा सी-३ असा डाव मांडला. समोरच्या मुलाने घोडा एफ-६, जी-६ आणि तिसऱ्या खेळीला डी-५ केले. प्रशिक्षक म्हणाले, हा ‘इंडियन’ कुळातला ग्रुनफेल्ड. ग्रुनफेल्ड कोण आणि यात इंडियन काय?
– एक पालक, सातारा

उत्तर : एर्न्स्ट ग्रुनफेल्ड व्हिएन्नाचा. १९२२ मध्ये त्याने हा बचाव स्पर्धांत खेळायला सुरुवात केली, त्याच वर्षी अलेखाइनलाही याच बचावाने हरवले आणि नाव चिकटले. पण नेमक्या याच तीन खेळ्या १८५५ मध्ये कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचा बंगाली ब्राह्मण खेळला होता. समोर होता स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन. डाव कॉक्रेनने जिंकला, पण बचाव बॅनर्जीचा. म्हणजे ग्रुनफेल्डच्या आधी तब्बल ६७ वर्षे!

बॅनर्जीचा हात देशी बुद्धिबळावर बसलेला. आपल्या आजोबांच्या कापडी पटावर प्यादे पहिल्या खेळीलाही सहसा एकच घर सरकायचे. कॅसलिंग नाही, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची अडीच घरे. अशा खेळात मधली घरे दोन उड्यांत बळकावताच येत नाहीत. मग जी-प्यादे एक घर पुढे घ्यायचे, त्यामागे उंट बसवायचा आणि तिरक्या रेषेतून दबा धरायचा. विलायती नियम आले तरी ती सवय सुटली नाही. युरोपियांना हा डाव मागासलेला वाटला, आणि पुढे त्यालाच त्यांनी ‘इंडियन’ म्हटले. यात सगळे आले असे नाही, पण मूळ हेच.

सांगलीत हा प्रश्न पडावा हे छान झाले. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचे हे गाव. भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच पटावर घडल्या.

आता मुलीसाठी. कॉक्रेनने चौथ्या खेळीला ई-३ केले, जरा भित्रेपणानेच. तिने सी-प्याद्याने डी-५वरचे प्यादे मारावे आणि घोड्याने परत मारले की ई-४ करावे. काळा सी-३वरचा घोडा मारेल, तिने बी-प्याद्याने घ्यावा. मधे प्याद्यांची भिंत उभी राहते. पण जी-७वरचा उंट तिच्याच डी-४कडे डोळा लावून बसलेला असतो, तेवढे तिने विसरू नये.