मांगराच्या खिडकीला तावदान बसवताना

कोकणातल्या बागेत अवजारे, खताच्या गोण्या आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवायला जो मांगर असतो, त्याच्या खिडकीची काच सहसा दगड लागून जात नाही. आधी काचेभोवतीच्या लांबीला तडे पडतात, त्या फटीतून पाणी आत मुरते, चौकटीचा खालचा आडवा कुजू लागतो आणि मोकळी झालेली काच एखाद्या जोराच्या झडीत निखळते. काच गेली की लगेच काचवाल्याकडे धावणाऱ्याची नवी काचही त्याच वाटेने जाते.

पहिले काम चौकट तपासण्याचे. पेचकसाचे टोक खालच्या दोन कोपऱ्यांत दाबून पाहावे. ते सहज रुतले, तर वरचा रंग कितीही धड दिसो, आतले लाकूड गेलेले असते. कुजका भाग टणक लाकूड लागेपर्यंत काढून तेवढाच जोड बसवता येतो. मात्र वाळवीची माती दिसली, तर आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो. वळचण आखूड असेल, तर पागोळी वाऱ्याने थेट खिडकीवर येते. अशा वेळी छपराची कड थोडी पुढे काढणे हाच खरा इलाज. काचेवर केलेला खर्च त्याला पर्याय ठरत नाही.

मग ठरवायचे ते हे, की त्या खिडकीला काच हवीच का. मांगरात कीटकनाशके किंवा गवत कापायच्या यंत्राचे पेट्रोल ठेवले जात असेल, तर सगळ्या खिडक्या गच्च बंद करणे धोक्याचे असते, कारण वाफ आत कोंडते. समोरासमोर दोन खिडक्या असल्यास एकीला काच आणि दुसरीला बारीक भोकांची लोखंडी जाळी हा चांगला तोडगा आहे. जाळीचे भोक ६ मिमीच्या आतले असावे, त्याहून मोठ्यातून उंदराचे पिल्लू सहज येते. पावसाळ्यात जाळीवर बाहेरून माडाच्या झावळ्यांचा झाप बांधला, की झड अडते आणि हवा खेळती राहते.

जिथे उजेड हवाच आहे, तिथे साधी काच अजूनही सर्वांत सरळ उपाय आहे. लहान तावदानाला ४ मिमी जाडी पुरते. तिचे वजन दर चौरस मीटरला १० किलो भरते, म्हणून जुन्या बिजागऱ्यांकडे आधी पाहून घ्यावे. खिडकी गुडघ्याच्या उंचीवर असेल आणि तिथे खोरी-कुदळी टेकवली जात असतील, तर टफन्ड काच घ्यावी. ती फुटली तर तिचे बारीक बोथट तुकडे होतात, पण एकदा तयार झाल्यावर ती कापता येत नाही. माप चुकले की पैसे वाया.

फुटणार नाही म्हणून अनेक जण अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा घेतात. फसगत नेमकी इथे होते. तापमान ३० अंशांनी वाढले, तर एक मीटर काच जेमतेम पाव मिलिमीटर वाढते, तेवढेच अ‍ॅक्रिलिक सुमारे दोन मिलिमीटर. काचेसारखे घट्ट बसवलेले अ‍ॅक्रिलिक एप्रिलच्या उन्हात बाक धरते आणि स्क्रूने आवळले असेल, तर भोकापासून तडकते. त्याला चारही बाजूंनी मोकळीक हवी, भोके स्क्रूपेक्षा मोठी हवीत. पॉलिकार्बोनेटच्या बऱ्याच पत्र्यांना ऊन सोसणारा थर एकाच बाजूला असतो. ती बाजू कोणती हे वरच्या संरक्षक कागदावर छापलेले असते. कागद आधीच सोलून टाकला, की मग ओळखायला मार्ग उरत नाही. आतून पोकळ नळ्यांचा पत्रा असेल, तर नळ्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे आत साचणारे पाणी खाली निथळते.

माप खाचेच्या आतून, रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी घ्यावी आणि सर्वांत कमी आकडा धरावा. दोन्ही कर्णही मोजावेत. जुनी चौकट काटकोनात असतेच असे नाही. काच त्या मापापेक्षा ३ मिमीने लहान कापून घ्यावी. मे महिन्यात सुकलेल्या लाकडाचे माप ऑगस्टमध्ये लाकूड फुगल्यावर कमी भरते आणि तंग बसलेली काच कोपऱ्यातून चिरते. हिरकणी चालवायचा सराव नसलेल्याने काच दुकानातूनच कापून आणावी.

जुने तुकडे काढताना जाड हातमोजे आणि चष्मा आवश्यक. खाली गोणपाट अंथरावे, कारण बागेत माणसे अनवाणी वावरतात. जुना रंग कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ साली लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. पाणी मारून घासावे.

खाच साफ झाली, की तिला प्रायमरचा हात द्यावा. कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि लांबी भुगा होऊन गळते. लांबी चॉक पावडर आणि जवसाच्या तेलाची हवी. भिंतीला लावायची पांढरी पुट्टी इथे चालत नाही, ती पहिल्याच पावसात सुटते. खाचेत लांबीचा पातळ थर देऊन काच कडेने दाबावी, मध्यावर नाही. मग बारीक चुका मारून बाहेरून लांबीचा उतार करावा. त्याऐवजी लाकडी पट्टी व सिलिकॉन वापरता येते, पण व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन लोखंडी गजांना गंज आणते, आणि सिलिकॉनवर रंग धरत नाही. म्हणून रंग आधी.

लांबीवर साय धरायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यानंतरच रंग द्यावा. रंग काचेवर साधारण २ मिमी चढवावा, तेवढ्याने फट बंद होते. हे सारे पाहता दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम. मेअखेरीस बसवलेल्या काचेची लांबी सुकण्याआधीच पाऊस दारात येतो.