माहेरचं लायसन्स, सासरचा पत्ता

अगं, लायसन्स सोलापूरचं म्हणून नूतनीकरणाला सोलापूरलाच यावं लागतं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? माहेरपणाला ये, हुरड्याला ये, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला ये. पण आरटीओच्या रांगेसाठी बंगळूरहून रजा टाकून येऊ नकोस. मोटार वाहन कायद्याचं कलम १५ सरळ सांगतं की नूतनीकरण कुठलंही लायसन्स देणारं कार्यालय करू शकतं, आणि ज्यानं ते केलं त्यानंच मूळ कार्यालयाला कळवायचं. कायदा १९८८ चा आहे, म्हणजे सोय नवी नाहीच. आमच्या ह्यांच्या बँकेत सारख्या बदल्या व्हायच्या. तेव्हा त्या कळवाकळवीवर कुणाचा भरवसा नव्हता आणि जो तो एनओसीचा कागद मागायचा. आता सगळ्या नोंदी परिवहन खात्याच्या ‘सारथी’ या संगणक प्रणालीवर असतात, बंगळूरच्या साहेबाला सोलापूरची नोंद बसल्या जागी दिसते.

दिसते, पण नोंद तिथे असली तर. म्हणून आधी तेवढं बघून घे. परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की कळतं. तू २००६ साली, कॉलेजात असताना काढलेलं ते लायसन्स. त्यावरचा नंबर जुन्या पद्धतीचा असणार, तिरप्या रेघा मारलेला. तो तसाच टाकलास तर ‘नोंद नाही’ म्हणून उत्तर येईल आणि तू घाबरशील. घाबरू नकोस. आधी एमएच १३, मग पूर्ण वर्ष २००६, आणि शेवटचा आकडा सात अंकी होईपर्यंत त्याच्या आधी शून्यं. ४५६७ असेल तर ०००४५६७. बऱ्याच जणींचं घोडं या शून्यांपाशीच अडतं. एवढं करूनही नोंद नाहीच सापडली, तर मात्र तुझं लायसन्स जुन्या रजिस्टरातून संगणकावर चढलेलंच नाही. त्याला बॅकलॉग म्हणतात आणि ते काम मूळ कार्यालयाचं. तेवढ्यापुरतं सोलापूर गाठावं लागेल. आधी फोन करून विचार, आणि येताना मूळ लायसन्स बरोबर आण, झेरॉक्सवर भागायचं नाही.

आता तारीख. तू अठराव्या वर्षी काढलंस, तेव्हा नियम वीस वर्षांचा होता, म्हणजे २०२६ मध्ये मुदत संपते. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन्स चालायचं. ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. तुझे बाबा अजून ‘महिनाभर चालतं गं’ म्हणतील, त्यांचं ऐकू नकोस. मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तू विनालायसन्स. पोलिसानं धरलं तर पाच हजारांपर्यंत दंड, आणि नेमकी त्याच दिवसांत गाडी ठोकली गेली तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. नंतर नूतनीकरण करून तो दिवस भरून निघत नाही.

अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतो. पण नवी मुदत नूतनीकरण झालं त्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे फार घाई केलीस तर हातातले महिने फुकट जातात. दोनेक महिने आधी कर. वय तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान असलं की एका वेळी दहा वर्षं मिळतात. मुदत संपून वर्षाच्या आत अर्ज गेला तर चाचणी नाही; वर्ष उलटलं की पुन्हा परीक्षा. वीस वर्षं गाडी हाकून परत इन्स्पेक्टरसमोर आठचा आकडा काढायची वेळ आणू नकोस.

पण तुझी खरी अडचण गाव नाही, नाव आहे. लायसन्सवर माहेरचं आडनाव आणि बाबांचं नाव, आधारवर सासरचं आडनाव आणि जावईबापूंचं. शिवाय आपल्याकडच्या जुन्या लायसन्सवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. माणसाला कळतं की ही एकच बाई. यंत्राला कळेलच असं नाही. घरबसल्या, आधारच्या आधारे होणारं नूतनीकरण नाव जुळलं तरच सुरळीत होतं. म्हणून लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेव. लग्नपत्रिका आणि फोटो चालत नाहीत, हे मी हसत सांगत नाहीये, लोक घेऊन जातात. नाव बदलायचंच नसेल, माहेरचंच ठेवायचं असेल, तर उत्तमच. मग आधारवरही तेच ठेव. कुठलं नाव हा तुझा प्रश्न, पण सगळ्या कागदांवर एकच हवं.

दुसरी मेख मोबाइल नंबरची. सोलापूरच्या नोंदीत कदाचित बाबांचाच नंबर असेल, आणि ओटीपी त्यांच्या फोनवर जाईल. बाबा दुपारी झोपतात आणि ओटीपी तोवर थांबत नाही. आधी नंबर बदलून घे, मग बाकीचं. आधारला जोडलेला नंबरही चालू आहे ना ते बघ.

पत्त्याचा बदल नूतनीकरणाबरोबरच, एकाच अर्जात उरक. सारथीवर कार्यालय निवडताना आत्ता राहतेस तिथलं, पिनकोडप्रमाणे निवड. पत्त्याला आधार सगळ्यांत सोपा. त्यावर बंगळूरचा पत्ता नसेल तर आधी तोच घालून घे. कार्ड टपालानं येतं आणि दाराला कुलूप दिसलं की परत जातं. तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर, तेव्हा वॉचमनला आणि समोरच्या काकूंना सांगून ठेव. कार्डाला उशीर झाला तरी बिघडत नाही. नूतनीकरण मंजूर होऊन डिजिलॉकरमध्ये दिसलं की ते कागदाइतकंच ग्राह्य. फक्त गॅलरीतला फोटो दाखवू नकोस, ॲपच उघडून दाखव.

तब्येतीचं म्हणशील तर चाळिशीच्या आत फॉर्म १, तो स्वतःच भरायचा. तुझ्या दादाची चाळिशी उलटली आहे, त्याला डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-अ लागेल. त्याला सांग, चष्मा घेऊन जा म्हणावं.

एजंट तुला हजारो रुपये सांगेल. केंद्राच्या नियमात नूतनीकरणाचे २०० आणि स्मार्ट कार्डाचे २०० आहेत, त्यावर राज्याचं काही थोडंफार. ज्याला वेळ नाही त्यानं पैसे मोजावेत, माझं काही म्हणणं नाही. पण आधारचा ओटीपी एजंटला फोनवर सांगायचा नाही म्हणजे नाही. आणि व्हॉट्सॲपवर ‘परिवहन’ नावाची एपीके फाइल आली तर उघडू नकोस. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं.

अर्ज भरलास की अर्ज क्रमांकाचा फोटो काढून ठेव, पुढे सगळी चौकशी त्याच्यावरच होते. आणि तारीख उलटून गेली असेल, तर नवं लायसन्स मंजूर होईपर्यंत गाडी जावईबापूंना चालवू दे, नाहीतर सरळ रिक्षानं जा.