मध्यरात्रीचें स्तवन

आमच्या शाळेचा दिवस प्रार्थनेनें सुरू होतो. घंटा होते, आम्ही रांगेनें सभागृहांत येतों, गीत गातों, मस्तकें लववितों आणि आपापल्या वर्गांत जातों. हा क्रम अंगवळणीं पडल्यामुळें एक प्रश्न सहसा मनांत येत नाहीं: आम्ही देवाचें स्तवन करतों तें कशासाठीं? आणि तें त्या थोड्या वेळापुरतेंच असावें, कीं ख्रिस्ती मनुष्याचें सर्व जीवनच स्तवनमय व्हावें?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वीचे राजे भाटांकडून आपली स्तुति करवून घेत, कारण त्यांस तिची भूक असे. देवास तशी भूक नाहीं. आमच्या गायनानें त्याच्या थोरवींत भर पडत नाहीं, व आम्हीं मौन धरिल्यानें ती घटत नाहीं. उणे होतों ते आम्हीच. मनुष्याची दृष्टि स्वभावतः स्वतःभोंवतींच घुटमळते: माझा मान, माझें दुःख, माझी परीक्षा. स्तवन ती दृष्टि उचलून देवाकडे लाविते. आणि ती देवाकडे लागली म्हणजे शेजारीही दिसूं लागतो.

ह्याचें उत्तम उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायांत आहे. फिलिप्पै नगरांत पौल व सीला ह्यांस फटके मारून बंदिशाळेच्या आंतल्या कोठडींत टाकिलें होतें व त्यांचे पाय खोड्यांत अडकविले होते. मध्यरात्रीं ते प्रार्थना करीत व गीतें गात होते, आणि इतर बंदिवान ऐकत होते. मग भूकंप झाला व दारें उघडलीं. येथवरची कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या पुढील भागाकडे मात्र आमचें लक्ष कमी जातें. बंदिवान पळाले असें समजून बंदिशाळेचा नायक तरवार उपसून स्वतःचा जीव घेणार, इतक्यांत पौलानें ओरडून त्यास थांबविलें. दार उघडें असतां त्याला स्वतःच्या सुटकेपूर्वीं त्या नायकाचा प्राण आठवला! ज्यानें खोडे घातले त्यानेंच त्या रात्रीं त्यांच्या जखमा धुतल्या. भिंती हालल्या ह्याहून वैऱ्याविषयीं दया उपजली, हें आम्हांस अधिक मोठें वाटतें.

कोणी म्हणेल, दुःखांत स्तवन करणें हें ढोंग नव्हे काय? नव्हे. स्तोत्रसंहितेंत दीडशें स्तोत्रें आहेत. त्या ग्रंथाच्या इब्री नांवाचा अर्थ ‘स्तवनें’ असा आहे. तथापि त्यांतील पुष्कळ स्तोत्रें विलापाचीं आहेत. अश्रु लपविल्यावांचून देवाकडे वळणें, हेंही स्तवनच होय. जर्मनींतील आइलेनबुर्ग गांवीं तीस वर्षांच्या युद्धाच्या काळांत, १६३७ सालीं, भयंकर सांथ आली. तेथील पाळक मार्टिन रिंकार्ट ह्यानें हजारों मृतांस मूठमाती दिली. त्यांत त्याची पत्नीही होती. ह्याच पाळकाचें उपकारस्तुतीचें गीत आज अनेक देशांतील मंडळ्या गातात.

आमच्या महाराष्ट्रांतही स्तवन मंदिराच्या भिंतींत कोंडून राहिलेलें नाहीं. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले कवि रे. नारायण वामन टिळक ह्यांनीं अभंग-ओवीच्या देशी वळणावर ख्रिस्ताचे गुण गाइले. जी ओवी बायका जात्यावर दळतांना म्हणत, तिनें ख्रिस्ताची थोरवी गावी, ह्यांत मोठा बोध आहे: हात कामांत असतांही हृदय उपासनेंत असूं शकतें.

परंतु येथेंच आमची कसोटी आहे. जेथें न्याय पायांखालीं तुडविला जातो तेथील गीतें देवास असह्य होतात, असें आमोस संदेष्ट्यानें निक्षून सांगितलें. सकाळीं गोड सुरांत गावें, दुपारीं शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंत डोकवावें, आणि फाटका सदरा घालून आलेल्या सोबत्यास हंसावें, तर तें गीत कोणी ऐकिलें? खरें बोलणें, नेमिलेलें काम नेटानें करणें, दुर्बळाची बाजू घेणें, हींच त्या गीताचीं पुढचीं कडवीं होत.

ह्या वर्षीं आमच्यापैकीं कांहीं जण शाळा सोडून जातील. तेथें प्रार्थनेची घंटा कोणी वाजविणार नाहीं. एखाद्या मध्यरात्रीं, अपयशांत किंवा आजारांत, स्तवन आमच्या ओठीं येईल काय? आलें, तर शेजारच्या कोठडींतले कोणीतरी तें ऐकत असेल, हें आम्हीं विसरूं नये.