पस्तीस हजारांच्या घरखर्चात कॅशबॅक किती पदरात पडतो?

क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीत '५ टक्के कॅशबॅक' ठळक अक्षरांत असतो. तो कशावर मिळणार नाही, याची यादी मात्र अटींच्या आतल्या पानांवर. महिन्याला लाखभर खर्च करणाऱ्याला त्या यादीचा फारसा फटका बसत नाही. बेताच्या उत्पन्नाच्या घराचं गणित मात्र तीच ठरवते. म्हणून कार्डांची तुलना करायला बसण्याआधी आपल्या घरखर्चाचा कागद पुढ्यात घ्या.

नाशिक किंवा कोल्हापुरात भाड्यानं राहणारं चौघांचं एक घर धरू. महिन्याचा खर्च ३५,००० रुपये. त्यातलं भाडं ९,०००, शाळेची फी ४,०००, दूध-भाजी ४,५०० आणि पेट्रोल २,५००. हे २०,००० रुपये कॅशबॅकच्या हिशेबातून सरळ वजा करा. भाड्यावर बहुतेक बँका कॅशबॅक देत नाहीत, उलट वेगळं शुल्क लावतात. शाळेची फी अनेक कार्डांच्या वगळलेल्या यादीत असते. दूधवाला आणि भाजीवाली रोख किंवा यूपीआयवर चालतात. पेट्रोलवर फार तर एक टक्का अधिभार माफ होतो, कॅशबॅक नाही.

उरले १५,०००. त्यात किराणा ७,०००, ऑनलाइन खरेदी ३,०००, औषधं आणि एखादं बाहेरचं जेवण १,५००, वीज-मोबाइल-गॅसची बिलं ३,५००. बिलांवर काही कार्डं थोडं देतात, काही अजिबात नाही, तेव्हा तीही शून्यच धरू. हिशेब कमीत कमी मिळकतीचा केलेला बरा.

आता दोन कार्डं घेऊ. एसबीआय कॅशबॅक कार्ड कुठल्याही ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के आणि दुकानातल्या खरेदीवर १ टक्का देणारं म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. ऑनलाइनचे १५०, किराण्याचे ७०, औषध-जेवणाचे १५, म्हणजे महिन्याला २३५ आणि वर्षाला २,८२० रुपये. वार्षिक फी ९९९, तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १,१७९. हातात राहिले १,६४१. वर्षाला दोन लाख खर्च केले तर फी माफ होते, पण आपल्या घरानं पंधराच्या पंधरा हजार कार्डावर टाकले तरी वर्षाचे १ लाख ८० हजारच होतात. हे अंतर मुद्दाम लक्षात ठेवा. १,१७९ रुपयांची फी वाचवायला कार्डाचं वर्ष संपत आलं की वीस हजारांची नको असलेली खरेदी करणारी घरं कमी नाहीत.

दुसरं ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड. याला ना प्रवेश फी, ना वार्षिक. ॲमेझॉनवर प्राइम सदस्याला ५ टक्के, इतरांना ३ टक्के, बाकी बहुतेक ठिकाणी १ टक्का. ऑनलाइन खरेदीतली निम्मी ॲमेझॉनवर होते असं धरलं, तर प्राइम नसतानाही महिन्याला १४५, वर्षाला १,७४० रुपये. फी असलेल्या कार्डापेक्षा शंभर रुपये जास्तच. एवढ्यात दोन गॅस सिलिंडर जवळपास निघतात. बेताच्या खर्चात यापेक्षा फार मोठी अपेक्षा ठेवू नये. कार्डासाठी म्हणून प्राइम घेऊ नका: वर्षाची वर्गणी १,४९९ रुपये, आणि ती केवळ दोन टक्क्यांच्या फरकातून वसूल करायची तर ॲमेझॉनवरच वर्षाला सुमारे ७५,००० रुपयांची खरेदी हवी.

थोडक्यात, ऑनलाइन खरेदी महिन्याला साडेतीन हजारांच्या पुढे जात असेल आणि ती वेगवेगळ्या साइटवर विखुरलेली असेल, तरच फीचं कार्ड परवडायला लागतं. तोवर बिनाफीचं एकच कार्ड पुरे. दर आणि अटी बदलत राहतात. याच एसबीआय कार्डानं मे २०२३ मध्ये, म्हणजे वर्षही पुरं व्हायच्या आत, वगळलेल्या खर्चांची यादी वाढवली होती. अर्जाआधी बँकेच्या संकेतस्थळावरची 'मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स' ही पानं त्या दिवशीची बघा. फी, कॅशबॅकची मासिक मर्यादा आणि वगळलेले खर्च, एवढं वाचलं तरी चालेल.

आता खरं नुकसान कुठे होतं ते. १५,००० रुपयांचं बिल आलं आणि तुम्ही पाच टक्के, म्हणजे ७५० रुपये 'मिनिमम ड्यू' भरलेत, तर उशिराचा दंड लागत नाही. त्यामुळे सगळं सुरळीत आहे असं वाटतं. पण उरलेल्या रकमेवर व्याज चढू लागतं. अनेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो. त्यावर जीएसटी धरला की ४.१३ टक्के, म्हणजे एका महिन्याला सहाशेच्या आसपास. चार महिन्यांचा कॅशबॅक एका फटक्यात गेला. शिवाय हे व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात आणि बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. तीस टक्क्यांवरचं व्याज अनुचित, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. म्हणजे या दरांना तीसची वेसण आता नाही.

यावर उपाय एकच आणि तो पहिल्याच दिवशी करायचा: बचत खात्यातून ऑटो-डेबिट लावा आणि त्या फॉर्मवर 'टोटल ड्यू' हाच पर्याय निवडा. तिथे 'मिनिमम ड्यू' हाही पर्याय असतो. पगार सातला होत असेल आणि बिलाची शेवटची तारीख पाच असेल, तर बिलाचं चक्र बदलून मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तो तुमचा हक्क आहे.

दुकानात 'कार्डावर दोन टक्के जास्त पडतील' असं सांगितलं, तर यूपीआयनं द्या. एक टक्का मिळवायला दोन टक्के मोजण्यात काय अर्थ? आणि क्रेडिट कार्डावर एटीएममधून पैसे कधीही काढू नका: काढणावळ वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून.

पगाराची स्लिप नाही, स्वतःचं छोटं दुकान आहे किंवा गृहिणी आहात, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घेता येतं. ठेवीवरचं व्याज चालूच राहतं आणि वेळेवर बिलं भरत गेलात की सिबिलमध्ये चांगली नोंद तयार होते.

फोनवर 'लाइफटाइम फ्री' सांगून दिलेल्या कार्डावर नंतर फी आली, किंवा ते परवडेनासं झालं, तर बाकी शून्य करून बंद करण्याचा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला देणं तिला बंधनकारक आहे. बँकेनं तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. माहितीसाठी फोन १४४४८.