रिकाम्या खोलीची किल्ली

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अकरावी-बारावीतले काही जण सी भाषा शिकत आहेत. पॉइंटरच्या धड्यापाशी बहुतेकांची गाडी अडते. आज त्याच पॉइंटरची एक खरी गोष्ट सांगतो. पालकांनीही जरूर वाचावी. त्यासाठी संगणक यायलाच हवा असे नाही, एकदा धर्मशाळेत उतरलेले असले की पुरे.

धर्मशाळेचा व्यवस्थापक वहीत नाव लिहून खोलीची किल्ली देतो. आपण जाताना किल्ली परत करतो आणि खोली दुसऱ्या यात्रेकरूला मिळते. आता समजा, पहिल्याने खोली सोडल्याचे वहीत लिहवले, पण किल्ली खिशातच ठेवली, आणि संध्याकाळी त्याच किल्लीने कुलूप उघडले. आत दुसऱ्याचे सामान! माणूस भोळा असेल तर गोंधळ, लबाड असेल तर चोरी.

मेमरीत नेमके हेच घडते. आज्ञावली मेमरीतली जागा मागून घेते, काम झाले की ‘फ्री’ म्हणून सोडते. जागा मोकळी होते, पण पॉइंटरमधला पत्ता पुसला जात नाही. त्या पत्त्यावर पुन्हा गेलात, तर तिथे आता दुसऱ्याच कुणाची माहिती असू शकते. या चुकीला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात. सी भाषा यावर काही बोलत नाही. तिचा स्वभावच तसा; वेग देते, राखण करीत नाही.

साध्या आज्ञावलीत ही चूक झाली तर बहुधा ती आज्ञावली बंद पडते. कर्नलचे तसे नाही. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच कमरेला. तिथली चूक लबाडाच्या हाती लागली तर सगळी इमारत त्याची.

पडद्यावर चित्र उमटवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर सहसा कर्नलमध्येच चालतो. त्याची अडचण अशी, की तिथे दोन कामकरी आहेत. मुख्य प्रोसेसर काम सांगून पुढे जातो, ग्राफिक्स प्रोसेसर ते आपल्या सवडीने करतो. तुम्ही खेळ बंद केलात तरी शेवटचे चित्र रंगवणे चालूच असू शकते. मग त्या चित्राची मेमरी सोडायची कुणी आणि केव्हा?

यावर उपाय म्हणजे मोजणी. खोलीच्या किती किल्ल्या बाहेर आहेत ते फळ्यावर लिहायचे. किल्ली दिली की एक वाढवायचा, परत आली की एक कमी करायचा. आकडा शून्य झाला तरच खोली मोकळी. लिनक्समध्ये २००८ साली ‘जेम’ नावाची व्यवस्था आली, ती याच तत्त्वावर चालते. चित्राच्या मेमरीचा प्रत्येक तुकडा ही एक वस्तू, आणि आज्ञावलीला त्या वस्तूचा फक्त क्रमांक मिळतो. त्याला हँडल म्हणतात.

आता खरी चूक पाहू. लिनक्समध्ये ‘व्हीजेम’ नावाचा छोटा ड्रायव्हर आहे. त्याच्यामागे खरे ग्राफिक्स कार्ड नाही, सगळे काम मेमरीतच चालते. त्यात नवी वस्तू बनवण्याच्या पायऱ्या अशा होत्या. आधी वस्तू बनवली. ड्रायव्हरची स्वतःची एक किल्ली, आकडा १. मग आज्ञावलीला हँडल दिले, आकडा २. मग ड्रायव्हरने आपली किल्ली परत केली, आकडा १. शेवटी त्या वस्तूत डोकावून तिचा आकार वाचला आणि आज्ञावलीला कळवला.

चूक दिसली का? वाचन थोडे थांबवा आणि पायऱ्या पुन्हा पाहा.

शेवटच्या पायरीला ड्रायव्हरच्या हाती किल्लीच नाही. आज्ञावलीकडे एक आहे म्हणून वस्तू जिवंत आहे, इतकेच. हँडलचे क्रमांक १, २, ३ असे लहान असतात, ते अंदाजाने ओळखता येतात. त्याच आज्ञावलीच्या दुसऱ्या धाग्याने नेमक्या त्या क्षणी ते हँडल बंद केले, की आकडा शून्य होतो आणि ड्रायव्हर सोडलेल्या मेमरीत डोकावतो. कोट्यवधी वेळा हे घडत नाही, म्हणूनच ते माणसाच्या नजरेतून सुटते. सिझबॉट नावाच्या स्वयंचलित तपासनिसाने ते पकडले. २०२० साली दुरुस्ती झाली. दुरुस्ती काय? शेवटच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल. आधी आकार वाचा, मग किल्ली परत करा! लिहिणारे कच्चे नव्हते हे लक्षात घ्या. हिशोबाच्या वहीतही अशा चुका अनुभवी माणसाकडूनच होतात.

हे पुस्तकी वाटत असेल तर दुसरे उदाहरण देतो. अनेक फोनमध्ये आर्म कंपनीच्या रचनेचे ‘माली’ ग्राफिक्स प्रोसेसर असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आर्मने जाहीर केले, की त्यांच्या ड्रायव्हरमधील एका दोषामुळे, कोणतेही खास अधिकार नसलेला वापरकर्ता सोडलेल्या मेमरीपर्यंत पोचू शकतो, आणि काही निवडक लोकांविरुद्ध त्याचा वापर झाल्याची चिन्हे आहेत. पालकहो, फोनवर ‘अपडेट’ची सूचना आली की आपण ‘नंतर’ दाबतो, त्या सूचनेत असल्या दुरुस्त्या असतात.

मोजणीलाही एक खोड आहे. जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येई, तसा ३२ बिटांचा आकडा ४,२९,४९,६७,२९६ वेळा वाढवला की पुन्हा मूळ जागी येतो. २०१६ मध्ये लिनक्सच्या सांकेतिक किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातच असा दोष उघड झाला. २०१७ पासून कर्नलमध्ये वेगळ्या जातीचा मोजणी-आकडा आहे, तो फार वाढला की तिथेच अडकून राहतो. खोली कायमची अडली तरी चालेल, पण दोघांना देऊ नये, असा तो विचार. मला तो पटतो.

रस्ट नावाच्या भाषेत कोणती किल्ली कुणाकडे, याचा हिशोब भाषांतरक, म्हणजे कंपायलर, आधीच तपासतो. चुकलात तर आज्ञावली तयारच होत नाही. डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये रस्टला प्रथम प्रवेश मिळाला. मात्र ग्राफिक्स प्रोसेसर स्वतः मेमरीत काय करतो, ते कंपायलरला दिसत नाही. तिथे जबाबदारी पुन्हा माणसावरच येते, आणि रस्टमध्ये अशा ओळींवर ‘अनसेफ’ अशी पाटी लावावी लागते.

स्वाध्याय : एका वस्तूची एक किल्ली आज्ञावलीकडे आणि दोन चालू कामांच्या दोन किल्ल्या ग्राफिक्स प्रोसेसरच्या नावे आहेत. आज्ञावलीने हँडल बंद केले, पहिले काम संपले, पण चुकून त्याची किल्ली दोनदा परत झाली असे नोंदले गेले. प्रत्येक टप्प्याचा आकडा लिहा, आणि दुसऱ्या कामाचे काय होईल ते चार ओळींत सांगा.